भारतीय लायसन्स, जर्मन रस्ते आणि पहिले सहा महिने

पुण्यामुंबईहून म्युनिक, श्टुटगार्ट किंवा फ्रँकफुर्टला नोकरीसाठी जाणाऱ्या अनेकांची अशी खात्री असते, की आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल परमिट एक वर्ष चालतं, म्हणजे वर्षभर गाडीची काळजी नाही. हा समज खोटा आहे आणि महागात पडणारा आहे. परमिटावर एक वर्षाची मुदत छापलेली असते हे खरं. पण जर्मनीत राहायला गेलेल्या माणसाला परदेशी लायसन्सवर गाडी चालवायची मुभा तिथला कायदा फक्त सहा महिने देतो. परमिटावरची तारीख काहीही असो, सहा महिने संपले की तुमचं भारतीय लायसन्स त्या देशात निरुपयोगी होतं. अपवाद एकच. तुमचा मुक्काम एकूण बारा महिन्यांच्या आतच संपणार आहे, हे नोकरीच्या करारासारखा कागद दाखवून पटवून दिलंत, तर मुदत वाढवून मिळू शकते. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. ती आपोआप वाढत नाही.

सहा महिने मोजायचे ते तिथे राहायला सुरुवात केल्यापासून. कार्यालयात गेलात की सहसा पत्ता नोंदवल्याची, म्हणजे ‘आनमेल्डुंग’ची तारीख पाहिली जाते. गाडी घेतल्याची किंवा पहिल्यांदा चालवल्याची तारीख तिथे कुणी विचारत नाही. म्हणून तिथे पोहोचून घर लागलं, की कॅलेंडरवर सहा महिन्यांनंतरची तारीख ठळक करून ठेवा आणि सगळं नियोजन त्या तारखेवरून मागे मोजत करा. गोष्टी इथेच बिघडतात, कारण पहिले चार महिने नवी नोकरी, मुलांची शाळा, बँक, विमा यांत जातात आणि लायसन्स आठवतं ते पाचव्या महिन्यात. तेव्हा अर्ज केला तर मंजुरीच सातव्या-आठव्या महिन्यात येते.

खरी तयारी मात्र विमानात बसण्याआधी, इथल्या आरटीओत सुरू होते.

आधी आपलं लायसन्स नीट पाहा. जुनं पुस्तकी लायसन्स असेल किंवा ‘सारथी’ पोर्टलवर तुमचा नंबर टाकल्यावर माहिती दिसत नसेल, तर मूळ आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री करून घ्या आणि स्मार्ट कार्ड काढा. हे काम तिथून करणं अतिशय जिकिरीचं होतं. मग मुदत बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळिसाव्या वर्षापर्यंत आणि तिशी ते पन्नाशीत काढलेलं दहा वर्षं चालतं. तुमचं येत्या वर्षभरात संपणार असेल तर जाण्याआधीच नूतनीकरण करा. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून ते करता येतं. जर्मन कार्यालयात मुदत संपलेलं लायसन्स घेऊन उभं राहिलात तर बोलणं लांबतं.

यानंतरची गोष्ट फार थोडे जण करतात, पण मी ती आग्रहाने सांगेन. ‘सारथी’वरून लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट काढून घ्या. त्यात पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याची तारीख आणि कोणकोणत्या प्रकारची वाहनं चालवायची परवानगी आहे, हे स्पष्ट असतं. जर्मनीत नव्या चालकाला पहिली दोन वर्षं परिवीक्षेत काढावी लागतात. त्या काळात दारूचा एक थेंबही चालत नाही आणि गंभीर चूक झाली तर सक्तीचा अभ्यासक्रम मागे लागतो. तुमचं भारतीय लायसन्स दोन वर्षांहून जुनं असेल तर ही परिवीक्षा टळते. पण ते जुनं आहे हे कागदावर दिसायला हवं. नूतनीकरण केलेल्या काही कार्डांवर पहिली तारीख चटकन सापडत नाही आणि दहा वर्षं गाडी चालवणारा माणूस तिथे नवशिका ठरतो.

इंटरनॅशनल परमिट जरूर काढा. हजार रुपये फी, नमुना ४ए आणि पासपोर्ट एवढ्यावर ते तुमच्या पत्त्याच्या आरटीओतून मिळतं. ते एक वर्षाचं असतं, पण मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर परमिटही तेव्हाच संपतं. इंटरनेटवर घरबसल्या ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. पोलिसांपुढे त्या पुस्तिकेला काडीची किंमत नसते. आणि परमिट म्हणजे लायसन्स नव्हे. मूळ कार्ड सोबत नसेल तर परमिट एकटं काही कामाचं नाही. जर्मनीत तर मी केवळ परमिटवर अवलंबून राहायचा सल्ला देणार नाही. तिथे पोहोचल्यावर लायसन्सचं जर्मन भाषांतर करून घ्यावं. आडेआत्से या वाहनचालकांच्या मोठ्या संघटनेच्या कार्यालयात ते होतं, शपथबद्ध भाषांतरकारही करून देतात. पुढे लायसन्स बदलण्याच्या अर्जाला हेच भाषांतर लागतं, त्यामुळे खर्च वाया जात नाही.

आता मुख्य प्रश्न. भारतीय लायसन्स देऊन सरळ जर्मन लायसन्स का मिळत नाही? जर्मन नियमावलीत देशांची एक यादी आहे. त्यात जपान, दक्षिण कोरिया, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया असे देश आहेत. तिथल्या लोकांना परीक्षा पूर्ण किंवा अंशतः माफ असते. अमेरिकेतल्या राज्यांबाबत राज्याराज्यागणिक वेगळा नियम आहे. भारत या यादीत नाही. त्यामुळे आपल्याला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. अनेकांना हा अपमान वाटतो. मुंबईच्या गर्दीत पंधरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसवायचं म्हणजे काय, असं ते तावातावाने विचारतात. त्यांची चीड मला समजते. पण तिथे काही महिने गाडी चालवल्यावर परीक्षा असायला हवी, असंच मला वाटत आलं आहे. त्याचं कारण पुढे सांगतो.

एक मोठी सवलत मात्र आपल्याला आहे, आणि ती पक्की लक्षात ठेवा. अगदी नव्याने शिकणाऱ्याला तिथे नव्वद-नव्वद मिनिटांचे चौदा लेखी वर्ग आणि बारा खास तासिका सक्तीच्या आहेत. त्यांतल्या पाच गावाबाहेरच्या रस्त्यावर, चार आउटोबानवर आणि तीन रात्रीच्या अंधारात घ्याव्या लागतात. सगळं धरून नवशिक्याला अडीच-तीन हजार युरोंच्या पुढेही खर्च येतो. चालू मुदतीचं परदेशी लायसन्स बदलून घेणाऱ्याला हे वर्ग सक्तीचे नाहीत. तासिका किती घ्यायच्या ते तुम्ही आणि तुमचा शिक्षक मिळून ठरवता. एखाद्या शाळेने पूर्ण पॅकेजच घ्यावं लागेल असं सांगितलं, तर शांतपणे दुसरी शाळा गाठा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, म्हणजे ‘फारशूले’त, नाव मात्र नोंदवावंच लागतं. तुम्हाला परीक्षेला नेणारा शिक्षक आणि दुहेरी पेडलांची गाडी शाळेचीच असते.

कागदपत्रांची यादी लांब दिसते, पण कोणताच कागद अवघड नाही. पासपोर्ट व निवास परवाना, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, पासपोर्टच्या मापाचा बायोमेट्रिक फोटो, मूळ लायसन्स आणि त्याचं भाषांतर, नेत्रतपासणीचा दाखला, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आणि तुम्ही निवडलेल्या फारशूलेचं नाव. नेत्रतपासणी चष्म्याच्या कोणत्याही दुकानात पाच मिनिटांत, अगदी थोड्या पैशांत होते. प्रथमोपचाराचा वर्ग एका दिवसाचा, नऊ तासिकांचा असतो. जर्मन रेड क्रॉस किंवा योहानिटर यांसारख्या संस्था तो घेतात आणि मोठ्या शहरांत शोधलं तर इंग्रजीतही मिळतो. हा दिवस कंटाळत उरकू नका. अपघात झालेल्याला मदत न करणं हा जर्मनीत गुन्हा आहे आणि तिथल्या प्रत्येक गाडीत प्रथमोपचाराची पेटी, इशारा त्रिकोण आणि झळकणारं जाकीट ठेवावंच लागतं.

सगळे कागद घेऊन ‘फ्युररशाइनश्टेले’त, म्हणजे लायसन्स कार्यालयात अर्ज द्यायचा. बर्लिनसारख्या शहरात भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. मंजुरीला आणखी काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. मंजुरी आली की वर्षभरात लेखी परीक्षा आणि लेखीनंतर वर्षभरात प्रत्यक्ष परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. म्हणून माझा सल्ला असा, की पहिल्या महिन्यातच फारशूले निवडा, नेत्रतपासणी व प्रथमोपचार उरका आणि दुसऱ्या महिन्यात अर्ज द्या. मंजुरीची वाट पाहता पाहता लेखीचा अभ्यास होतो. असं केलं तर सहा महिन्यांच्या आत लायसन्स हातात येण्याची शक्यता बरीच वाढते. नाही आलं तरी मधला बिनगाडीचा काळ लहान राहतो.

लेखी परीक्षेला हलक्यात घेऊ नका. ती संगणकावर होते. जर्मनखेरीज इंग्रजी, फ्रेंच, तुर्की, अरबी अशा बारा भाषांत देता येते, मात्र भारतीय भाषा त्यात एकही नाही. तीस प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्नाला चुकीचे गुण ठरलेले असतात आणि एकूण दहा गुणांपर्यंतची चूक चालते. पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर मात्र नापास. एका प्रश्नाला दोन किंवा तीन उत्तरंही बरोबर असू शकतात आणि सगळी बरोबर खुणावली तरच प्रश्न सुटला असं धरतात. काही प्रश्नांत आधी छोटा व्हिडिओ दाखवतात. प्रश्नसंच हजाराहून मोठा आहे आणि पूर्ण उपलब्ध आहे. फारशूलेकडून सरावाचं अधिकृत ॲप घ्या आणि रोज अर्धा-पाऊण तास द्या.

काही गणितं तर पाठच करावी लागतात. ताशी वेगाला दहाने भागून तिनाने गुणलं की प्रतिक्रियेचं अंतर मीटरमध्ये मिळतं. वेगाला दहाने भागून आलेल्या आकड्याचा वर्ग केला की ब्रेक दाबल्यानंतरचं अंतर मिळतं. ताशी ५० वर पंधरा अधिक पंचवीस, म्हणजे चाळीस मीटर. ताशी १०० वर तीस अधिक शंभर, म्हणजे एकशेतीस मीटर. वेग दुप्पट झाल्यावर ब्रेकचं अंतर चौपट होतं, ही गोष्ट आकड्यांत बसली की पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं याचा विचारच बदलतो. तिथे गावाबाहेरचा ठोकताळा सोपा आहे. स्पीडोमीटरवर जो आकडा आहे त्याच्या निम्मे मीटर अंतर ठेवायचं, ताशी १०० ला पन्नास मीटर. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर पन्नास मीटर मोकळे ठेवले तर मध्ये दोन गाड्या घुसतील, हे खरं आहे. पण जर्मनीत घुसत नाहीत.

आता प्रत्यक्ष परीक्षा. ती साधारण पंचावन्न मिनिटं चालते. फी शंभर युरोंच्या वर आहे आणि नापास झालात तर पुन्हा सगळं भरावं लागतं, शिवाय बहुतेक ठिकाणी किमान दोन आठवडे थांबावं लागतं. परीक्षक ट्यूफ किंवा डेक्रा या संस्थेचा असतो आणि मागच्या सीटवर बसतो. शेजारी तुमचा शिक्षक असतो. सूचना जर्मनमध्ये दिल्या जातात. भाषा येत नसेल तरी घाबरायचं कारण नाही, कारण शब्द मोजके आहेत. उजवीकडे वळा, डावीकडे, सरळ, पुढच्या संधीला, इथे पार्क करा, थांबा, एवढं कानाला सरावाचं झालं की पुरे. तासिकांमध्ये शिक्षकाला इंग्रजी येत असलं तरी शेवटच्या काही वेळा सगळ्या सूचना जर्मनमध्येच द्यायला सांगा. सुरुवातीला गाडीबद्दल एखादा प्रश्न विचारतात. टायरची नक्षी किमान किती खोल हवी, याचं उत्तर १.६ मिलिमीटर. इंजिन ऑईल कसं तपासायचं, कोणता दिवा कशाचा, हेही दाखवायला सांगू शकतात.

अनुभवी भारतीय चालक या परीक्षेत नापास होतात तेव्हा सहसा गाडी येत नसते म्हणून नाही. क्लच, ब्रेक, अरुंद जागेतून गाडी काढणं, यांत ते शिक्षकालाही चकित करतात. अडचण नजरेची असते. आपल्याकडे गाडी चालवताना आपण समोर आणि दोन्ही बाजूंना काय हलतंय ते पाहतो आणि प्रत्येक क्षणी दुसऱ्याशी न बोलता व्यवहार करतो. मी जातो, तू थांब. हॉर्न, किंचित पुढे घेतलेलं नाक, हाताची खूण यांवर तो व्यवहार चालतो. जर्मनीत हा व्यवहार नाही. कोणी आधी जायचं हे रस्त्यावरच्या पाट्यांनी आणि नियमाने आधीच ठरवलेलं असतं आणि समोरचा ते पाळणार असं धरून प्रत्येक जण वेगात येत असतो. तुम्ही अंदाजाने चाललात तर त्याला थांबायला वेळच मिळत नाही. परीक्षा हवी असं मला वाटतं ते याच कारणाने.

पहिली गोष्ट उजव्या हाताचा नियम. पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तो रस्ता बारीक गल्ली असो, तुमचा रस्ता रुंद असो, फरक पडत नाही. ताशी ३० च्या निवासी भागात हे चौक एकामागून एक येतात आणि प्रत्येक ठिकाणी वेग कमी करून उजवीकडे मान वळवून पाहावं लागतं. आपला डोळा मोठ्या रस्त्याला मान द्यायला सरावलेला असतो, त्यामुळे इथे चूक होतेच. याउलट पिवळ्या चौकोनाची पाटी दिसली म्हणजे तुमचा रस्ता प्राधान्याचा आहे. तिथे उगाच थांबलात तरी परीक्षक नोंद करतो.

दुसरी गोष्ट खांद्यावरून मागे बघण्याची. गाडी सुरू करताना, लेन बदलताना, वळताना, सायकलच्या पट्ट्याजवळून जाताना, दर वेळी आरसा, मग खांद्यावरून नजर. आरशात न दिसणारा कोपरा असतो आणि जर्मन शहरांत त्या कोपऱ्यात सायकलस्वार असतो. उजवीकडे वळताना तुमच्या उजव्या हाताला सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराचा हक्क आधीचा. तो हिरव्या दिव्यावर पूर्ण वेगाने येतो. मान वळवली नाही तर शिक्षकाला ब्रेक दाबावा लागतो आणि शिक्षकाने ब्रेक दाबला की परीक्षा तिथेच संपली. परीक्षक मागे बसलेला असल्याने तुमचे डोळे हललेले त्याला दिसत नाहीत, मान हललेली दिसते. म्हणून मान नीट वळवा. सायकलस्वाराला ओलांडताना गावात किमान दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं. जागा नसेल तर त्याच्या मागे मागे, त्याच्या वेगाने जायचं. हॉर्न वाजवायचा नाही. गावात हॉर्न फक्त धोक्याच्या वेळी.

तिसरी गोष्ट वेग. गावाच्या नावाची पिवळी पाटी म्हणजे ताशी ५० ची मर्यादा सुरू. त्यासाठी वेगळा आकडा लिहिलेला नसतो. नाव आडवं खोडलेली पाटी आली की गाव संपलं आणि साध्या रस्त्यावर मर्यादा १०० झाली. नव्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे तो पिवळ्या पाटीजवळून सत्तरने जातो आणि काही दिवसांनी घरी फोटोसकट पत्र येतं. गावात मर्यादेपेक्षा २१ किलोमीटर जास्त झालं की ११५ युरो आणि एक गुण, ३१ जास्त झालं की २६० युरो, दोन गुण आणि महिनाभर गाडी बंद. हे गुण फ्लेन्सबुर्ग शहरातल्या केंद्रीय नोंदवहीत जमा होतात आणि आठ झाले की लायसन्स जातं.

आउटोबानची भीती बहुतेकांना वाटते, पण ती सर्वांत सोपी. चढत्या लेनवर पूर्ण वेग घ्यायचा, उजव्या लेनमध्ये राहायचं, डावीकडून ओलांडायचं आणि लगेच उजवीकडे परतायचं. उजवीकडून ओलांडायला बंदी आहे. वेगमर्यादा नसलेल्या भागातही सल्ल्याचा वेग १३० आहे. वाहतूक खोळंबली की सर्वांत डावीकडच्या लेनने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधोमध रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवायची. सायरन ऐकल्यावर नव्हे, गाड्या मंदावू लागतानाच. ती ठेवली नाही तर दोनशे युरोंपासून दंड आणि महिनाभर गाडी बंद. आपल्या रस्त्यांवर रुग्णवाहिका अडकलेली पाहिलेल्या कुणालाही हा नियम किती मोलाचा आहे हे सांगावं लागणार नाही.

बाजू बदलण्याचा त्रास वाटतो तितका नसतो, तो आठवड्याभरात जातो. फक्त रिकाम्या रस्त्यावर, पहाटे किंवा पेट्रोल पंपातून बाहेर पडताना सावध राहा, कारण समोर गाडी नसली की हात आपोआप डावीकडे नेतात. गिअर उजव्या हाताला येतो. इंडिकेटरची दांडी डावीकडे असते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ती उजवीकडे असते, त्यामुळे सुरुवातीला वळताना वायपर सुरू होतो.

तासिका किती घ्याव्यात? पंचेचाळीस मिनिटांच्या तासिकेला साठ-सत्तर युरो सहज लागतात, म्हणून लोक दोन-तीन तासिकांवर भागवायला बघतात. तसं करू नका. पहिली तासिका केवळ चाचणी म्हणून घ्या. शिक्षकाला सांगा की मला दहा वर्षांची सवय आहे, माझ्या वाईट सवयी लिहून द्या. मग त्या सवयी मोडायला लागतील तितक्या तासिका घ्या. माझ्या मते शहरात सराव असलेल्याला आठ-दहा तासिका रास्त आहेत. त्यांत एखादी रात्रीची आणि एखादी आउटोबानवरची असावी. नापास होऊन फी आणि तासिका पुन्हा भरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर लायसन्सवर ७८ हा संकेतांक पडतो आणि मग गिअरची गाडी चालवता येत नाही. २०२१ पासून यावर तोडगा आहे. गिअरच्या गाडीवर किमान दहा तासिका आणि शाळेतलीच छोटी चाचणी दिली तर १९७ हा संकेतांक मिळतो आणि जर्मनीत दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवता येतात. पण ज्याने आयुष्यभर गिअरची गाडी चालवली आहे त्याने सरळ गिअरवरच परीक्षा द्यावी. पुढे भाड्याने घेतलेल्या गाडीत किंवा मित्राच्या गाडीत अडचण येत नाही. मोटारसायकलसाठी वेगळा वर्ग आणि वेगळी परीक्षा असते. हवी असेल तर अर्ज करतानाच दोन्हींचा उल्लेख करा.

उत्तीर्ण झाल्यावर जर्मन कार्ड देताना भारतीय लायसन्स जमा करून घेतात. त्याआधी दोन्ही बाजूंची स्वच्छ स्कॅन प्रत काढून ठेवा.

आता त्या सातव्या महिन्याकडे. व्हॉट्सॲपच्या गटांवर एक सल्ला हमखास मिळतो: माझा मित्र दोन वर्षं भारतीय लायसन्सवरच चालवतोय, कुणी विचारलं नाही. त्या मित्राचं नशीब तुम्ही उसनं घेऊ शकत नाही. मुदतीनंतर गाडी चालवणं हा जर्मनीत नुसत्या दंडाचा मामला नाही, तो फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. गाडी ज्याच्या नावावर आहे त्याने जाणूनबुजून चालवायला दिली तर तोही गुन्हेगार. अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याची भरपाई देते आणि मग तुमच्याकडून पाच हजार युरोंपर्यंत वसूल करू शकते. पुढे कायम निवासाचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज करताना शिक्षेची नोंद आडवी येते, ती वेगळीच. लायसन्स हातात येईपर्यंत तुम्ही फक्त शाळेच्या गाडीत, शिक्षक शेजारी असतानाच चाक धरा. बाकी वेळ ट्राम, रेल्वे आणि सायकल. जर्मनीतल्या शहरांत हे काही हाल नाहीत.

इतर देशांत जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की जर्मनीचे आकडे तिकडे लावू नका. ब्रिटनमध्ये राहायला गेल्यापासून बारा महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते, पण तिथेही थेट बदलून मिळत नाही. प्रोव्हिजनल लायसन्स काढून लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. लेखीत पन्नासपैकी त्रेचाळीस प्रश्न बरोबर यावे लागतात आणि व्हिडिओतले धोके ओळखण्याची वेगळी चाचणी असते. बाजू मात्र आपलीच, डावी. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. कॅलिफोर्नियात स्थायिक झाल्यापासून दहा दिवसांत लायसन्ससाठी अर्ज करायचा असतो, न्यूयॉर्कमध्ये तीस दिवसांत, टेक्ससमध्ये नव्वद दिवसांत. त्यामुळे शेजारच्या राज्यातल्या मावसभावाचा सल्लाही तपासून घ्या.

आणि शेवटी, उन्हाळ्यात मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी. पर्यटक म्हणून गेलात तर तुम्ही जर्मनीचे रहिवासी ठरत नाही, त्यामुळे त्या मुक्कामात चालू मुदतीच्या भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. मूळ लायसन्स, जर्मन भाषांतर आणि परमिट, तिन्ही जवळ ठेवा. भाड्याच्या गाडीचा करार आधी वाचा. काही कंपन्या परमिट मागतात आणि चालकाचं नाव करारात नसेल तर विमा लागू होत नाही. मुलाची किंवा मुलीची गाडी चालवणार असाल तर त्यांच्या विम्यात कोणकोण चालवू शकतं हे आधी पाहायला सांगा. बऱ्याच स्वस्त विम्यांत चालकांची नावं आणि वयं ठरलेली असतात. फोनवर किंवा मेलवर विमा कंपनीला कळवून तेवढ्या आठवड्यांपुरतं आणखी एक नाव जोडता येतं. ऑक्टोबर ते ईस्टर या काळात जात असाल तर गाडीला हिवाळी टायर आहेत का तेही विचारा. रस्त्यावर बर्फ किंवा चिखलबर्फ असताना ते सक्तीचे आहेत आणि त्यावर डोंगर व हिमकणाची खूण असावी लागते.